मास्तरला मी परत पाठवणार नाही

४ फेब्रुवारी

ताई,

तीर्थरूप, साष्टांग वगैरे आज काही लिहीत नाही. रागात आहे. नमस्कार पुढच्या पत्रात घे, राग उतरला तर.

तुझे सहा मेसेज आले. एकाचंही उत्तर दिलं नाही, ते मुद्दाम. मोबाइलवर तू हुकूम सोडतेस, मी कंटाळून ‘बरं’ लिहिते, आणि मग ते ‘बरं’ तू मला वर्षभर ऐकवतेस. कागदावर मला पोटभर बोलता येतं आणि तुला मध्येच तोडता येत नाही. तेव्हा यापुढे काय बोलायचं ते पत्राने.

तर म्हणे मास्तर बिघडला! हे कोणी कळवलं तेही मला ठाऊक आहे. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी. त्यांचा नंबर तू कशाला घेऊन ठेवला आहेस, ते मी विचारत नाही. माझ्यावर नजर ठेवायला दुसरं कोण मिळणार तुला?

अगं, आपण कोणाबद्दल बोलतोय याचं जरा भान ठेव. तुझ्या कुत्रे शिकवायच्या केंद्रातून सात वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला नाव नव्हतं, सत्तावीस नंबर होता. ‘मास्तर’ हे नाव माझ्या गिऱ्हाइकांनी ठेवलं. दुकानात कोणी खदाखदा हसलं, तर हा टेबलाखालून मान वर करून असा बघायचा की माणूस जागच्या जागी गप्प. त्याने कधी कोणाची चप्पल हुंगली नाही. ताटलीतलं बिस्किट मी ‘घे’ म्हणेपर्यंत समोर पडून असायचं, लाळ जमिनीवर, पण तोंड बंद. असा कुत्रा एकाएकी वात्रट होतो होय?

वहिनींनी मला चिठ्ठी दिली होती, ‘तुमचा कुत्रा दिवसभर भुंकतो.’ मी खाली लिहिलं, ‘मला तर काही ऐकू आलं नाही.’ त्यांना विनोद कळला नाही. तुलाही कळणार नाही म्हणा.

करार मला तोंडपाठ आहे, परत परत पाठवू नकोस. दारावरची घंटा, स्वयंपाकघरातलं घड्याळ आणि धुराचा भोंगा, हे तीन आवाज ऐकून कुत्र्याने मला पंजा लावून सांगायचं. सांगेनासा झाला तर कुत्रा परत. आणि कुत्रा परत गेला की बाबांना तू दिलेला शब्द उभाच: बहिरी धाकटी एकटी राहणार नाही, तुझ्या घरी येणार. बाबा जाताना तू तो शब्द दिलास. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभी होते, मला कोणी विचारलं नाही.

मास्तर व्यवस्थित आहे. मी व्यवस्थित आहे. शिलाई मशीनं दुरुस्तीला येतायत, जातायत. तू तुझे कुत्रे सांभाळ.

तुझी धाकटी


१२ फेब्रुवारी

ताई,

गेल्या पत्रात खोटं लिहिलं असं नाही. थोडं हातचं राखून लिहिलं.

वहिनींनी तुला पडद्यांचा प्रकार कळवलाच आहे म्हणून माझ्याकडूनही ऐक, म्हणजे मीठमसाला किती लावलाय ते कळेल. पडदे शिवणाऱ्या बाई मशीन घेऊन आल्या होत्या. टाके सुटत होते. तू मला आजवर सतरा वेळा विचारलंस की ऐकू येत नसताना बिघाड सापडतो कसा, आणि सतरा वेळा मी सांगितलं की हाताने. मशीन चालू करायचं, त्याच्या मानेवर तळहात ठेवायचा. शटल घासत असेल तर बोटांना बारीक खरखर लागते. बाबा कानाने करायचे ते मी हाताने करते, आणि बाबांपेक्षा लवकर.

तर मी अशी हात लावून उभी, आणि मास्तरांनी दोन्ही पुढचे पाय टेबलावर टाकले आणि चालत्या मशीनवर हनुवटी ठेवली. सुईपासून चार बोटांवर थोबाड! बाईंनी किंकाळी फोडली असावी, कारण त्यांचं तोंड भलतंच उघडलं होतं. मी त्याला ढकललं. त्याने मशीनचा पट्टा दातात धरला, ओढला, आणि रस्त्याने पळाला. मी मागून हाक मारली. चार वेळा. पठ्ठ्याने वळून पाहिलं नाही. अख्खी गल्ली बघत होती. ज्याच्या शिस्तीचे दाखले लोक आपल्या पोरांना द्यायचे तो पट्टा लोंबकळवत निघाला होता, आणि मागून मी, हातात तेलाचा डबा.

पार्सलवाल्याचंही खरं आहे. तो मागून आला, वाकला, खोकं ठेवताना याच्या पाठीला हात लागला. मास्तर गर्रकन वळला आणि त्याची बाही धरली. रक्त नाही. बाहीला दोन भोकं. मी ती तिथल्या तिथे शिवून दिली, आता दुसऱ्या बाहीपेक्षा मजबूत आहे.

आणखी काय? कपडे धुवायचं यंत्र लावलं की त्याला पाठ चिकटवून बसतो, उठवलं तरी उठत नाही. ‘बस’ म्हटलं तर उभा. ‘ये’ म्हटलं तर दुसरीकडे बघतो. काल मी त्याच्यासमोर कंबरेवर हात ठेवून पाच मिनिटं भाषण केलं. तो माझ्या तोंडाकडे इतकं मन लावून बघत होता की मलाच वाटलं, सुधारला. मग मी पाठ फिरवली आणि त्याने स्पंजची गादी फाडली.

तू लिहितेस, ‘तुझ्या लाडांनी बिघडला.’ वा गं वा! चांगला होता तेव्हा ताईंची शिकवण, आणि बिघडला की धाकटीचे लाड. शिकवलं तू, शिट्टी तुझी, हुकूम तुझे. सात वर्षांत रंग उडाला तर रंगाऱ्याला विचारायचं की भिंतीला?

घंटा मात्र तो सांगतो. त्यात कसूर नाही. एवढं वाचून गप्प बैस.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

घंटा तो सांगत नाही.

आता वहिनींकडून तुला कळलंच आहे, तर लपवून काय करू? शुक्रवारी मी अंडी उकडायला ठेवली, घड्याळ लावलं, आणि पुढे दुकानात येऊन एक जुनं मशीन खोलून बसले. घड्याळ वाजलं असणार. पाणी आटलं, अंडी फुटली, पातेलं काळं झालं. मग भोंगा वाजला असणार. मास्तर माझ्या पायाशी झोपला होता, तंगड्या पसरून, सुखाने. वहिनी वरून धावत आल्या, गॅस बंद केला, आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी वळले तर त्यांच्यामागे धुराचा पडदा.

अंड्याचे तुकडे छतापर्यंत उडाले होते. दोन दिवस खरवडत होते मी.

घाबरले होते. हे तुला लिहायला जिभेवर, म्हणजे बोटांवर येत नाही, पण घाबरले होते. वहिनींनी आधी मला चहा करून दिला, आणि मग वर जाऊन तुला कळवलं. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही कळवलं असतं.

पण तू काय उत्तर पाठवलंस! ‘२ मार्चला गाडी घेऊन येते. मास्तर केंद्रात जमा. तुझं सामान बांधून ठेव. दुकानाला कुलूप.’ चार वाक्यांत कुत्रा, बहीण आणि बाबांचं दुकान, तिघांचा निकाल. मी काय जुनं कपाट आहे, दोन हमाल लावून उचलून न्यायला? एकोणपन्नास वर्षांची आहे मी. माझ्या हाताखालून या गावातली निम्मी मशीनं गेलीत. तुझ्या घरी येऊन मी काय करू? तुझ्या खिडकीत बसून तुझे कुत्रे शिस्तीत चालताना बघू?

मी येणार नाही. आणि मास्तरलाही वठणीवर आणते, बघच तू. लाड म्हणतेस ना? आता लाड बंद. तुझ्याच पद्धतीने आणते सरळ. तुझी पद्धत मला चांगली ठाऊक आहे, तुझ्या पहिल्या कुत्र्याच्या आधी ती तू माझ्यावरच वापरली होतीस.

आठ दिवस दे.

धाकटी


२३ फेब्रुवारी

ताई,

आठ दिवस नकोत. एकाच दिवसात झालं.

आज जे लिहिणार आहे ते लिहू नये असं चार वेळा वाटलं. लिहिलं तर माझाच पाय खोलात जातो, ते मला समजतंय. तरी लिहिते.

परवा त्याने एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतून लोकरीचा गुंडा पळवला. मी ‘सोड’ म्हणून ओरडले. त्याने सोडला नाही, उलट शेपूट हलवत पुढे धावला. माझं डोकं फिरलं. त्याला पट्ट्याने धरलं आणि मागच्या अडगळीच्या खोलीत ढकलून दार लावून घेतलं. आत दिवा नाही. आणि मी बाहेर उभी राहून ओरडत होते. ‘बस! चूक कळली का? कळली असेल तर भुंक! भुंक, म्हणजे दार उघडते!’

हे मी ओरडत होते, ताई. भुंकला असता तरी मला कसं कळणार होतं? रागाच्या भरात हे डोक्यातच आलं नाही.

दोन तास ठेवलं. मग दार उघडलं. तो दाराकडे पाठ करून बसला होता. दार उघडल्याचं त्याला कळलं नव्हतं. मी त्याचं नाव घेतलं. कान हलला नाही. पुन्हा घेतलं, ओरडून, घसा दुखेपर्यंत. कान नाही, शेपूट नाही. मग मी आत पाऊल टाकलं. त्या खोलीला लाकडी फळ्यांची जमीन आहे. फळी दबली तसा तो उठला, वळला, आणि मला बघून असा वेडा झाला, असा वेडा झाला!

मी तिथेच बसले. मला सगळं एकदम समजलं. मशीनवर हनुवटी का ठेवतो, धुण्याच्या यंत्राला पाठ का लावतो, मागून हात लागला की का दचकतो, समोर उभं राहून बोललं की तोंडाकडे का बघत राहतो. अगं, हे सगळं मीच आहे! मी पाच वर्षांची असताना बाबांच्या मशीनला गाल लावून बसायचे आणि आई म्हणायची, कार्टीला सुई लागेल एखाद दिवस.

मास्तर बहिरा झालाय.

जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी त्याच्यामागे स्टीलचा ट्रे आपटला. खोलीत सगळे दचकले, आम्ही दोघे सोडून. डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान गेलेत, वयाने, उपाय नाही, पाचसहा महिन्यांपासून हळूहळू जात असणार. ‘तुमच्या लक्षात नाही आलं?’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, मी बहिरी आहे.’ ते हसले, मग त्यांना लाज वाटली, मग आम्ही दोघंही हसलो. भुंकतो का, तर स्वतःचा आवाज त्याला कळत नाही म्हणून. मलाही लोक सांगतातच की, हळू बोला.

डॉक्टरांसमोर हसले, पण घरी येऊन रडले. दुनियेत कोणाला समजलं नसतं तरी चाललं असतं. मला समजायला हवं होतं. मी त्याला हट्टी म्हटलं, वात्रट म्हटलं, नाटकी म्हटलं. शब्द ओळखीचे वाटतात का गं?

आता तू एक ऐक. मी सात वर्षांची होते, तू तेरा. अर्धं ऐकू यायचं मला तेव्हा, कधी यायचं, कधी नाही, म्हणून तर सगळ्यांना वाटायचं की ही सोंग करते. तू मला कोठीत कोंडलंस. का, ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी आत होते. बाबा आले तेव्हा दार उघडलं गेलं. तू बाबांना सांगितलंस, ‘मी बाहेरून शंभरदा म्हटलं, माफी माग, लगेच उघडते. तिनेच मागितली नाही. हट्टी आहे.’

ताई, तू बाहेर होतीस हेच मला माहीत नव्हतं. मला वाटलं सगळे गेले.

चार वर्षांनी डॉक्टरने सांगितलं की माझे कान जातायत. घरात सगळे रडले. तूही रडलीस. पण त्या दुपारबद्दल तू कधी अवाक्षर काढलं नाहीस, आजतागायत. मोठी झालीस, बहिऱ्यांसाठी कुत्रे शिकवायला लागलीस, पेपरात तुझा फोटो आला. लोक विचारतात, ही कल्पना कशी सुचली? तू म्हणतेस, माझी एक बहीण आहे. पुढचं सांगत नाहीस.

मी परवा तेच केलं मास्तरला, म्हणून आज हे लिहायची हिंमत झाली. नाहीतर मी तरी कुठे बोलणार होते? मी त्याची माफी मागितली. तोंडाने नाही, त्याला काय उपयोग? त्याच्यासोबत त्या अंधाऱ्या खोलीत रात्र होईपर्यंत बसले.

हे सगळं कळवल्यावर तू काय करणार ते मला माहीत आहे. ‘कान गेलेला कुत्रा केंद्रात परत,’ करारातलं कलम नऊ. तरी कळवलं. चोरी करून त्याला ठेवणार नाही मी. उजळ माथ्याने ठेवणार.

धाकटी


२७ फेब्रुवारी

ताई,

मी चार पानं लिहिली, तू चार ओळी पाठवल्यास. ‘वाईट वाटलं. पण नियम तो नियम. दोन वर्षांची कुत्री तयार आहे, कान तल्लख. २ तारखेला ती आणते, मास्तरला नेते. मग तू खुशाल राहा दुकानात.’

कोठीबद्दल काही नाही. बरं.

तुझी अट मी दोनदा वाचली. म्हणजे आता घर सोडायची गरज नाही, दुकान बंद करायची गरज नाही, फक्त मास्तर द्यायचा आणि नवी घ्यायची. बल्ब गेला, बल्ब बदलला. चांगला सौदा आहे, दुसरी कोणी असती तर तुझे पाय धरले असते.

मी नाही म्हणते.

माझे कान गेले तेव्हा बाबांनी मला कुठे जमा करून चांगल्या कानांची दुसरी मुलगी आणली नव्हती. त्यांनी मला मशीनवर हात ठेवायला शिकवलं.

तुझ्या केंद्रात म्हाताऱ्या कुत्र्यांचं काय होतं, ते मी बघितलंय. मागचं आवार, जाळीची खोली, आणि तुझा माणूस शिट्टी वाजवून जेवायला बोलावतो. मास्तरला शिट्टी ऐकू येणार नाही. बाकीचे खाऊन मोकळे होतील आणि हा जाळीकडे तोंड करून बसेल, आणि कोणीतरी म्हणेल, सत्तावीस नंबर हट्टी झालाय.

माझी काळजी म्हणशील तर वाच. वायरमनला बोलावून दारावरच्या घंटेला दिवा जोडून घेतला. एक दुकानात, एक स्वयंपाकघरात, लाल, डोळ्यांत भरणारे. धुराच्या भोंग्याला एक चकती जोडलीय, ती उशीखाली थरथरते. अंडी उकडताना मी ओट्यापाशीच उभी राहते, जगातल्या बाकी बायका राहतात तशी. वहिनींना दुकानाची दुसरी किल्ली दिली. किल्ली घेताना त्यांनी मला मिठी मारली, तेव्हा आता त्यांच्याकडून चुगल्या मिळतील या भरवशावर राहू नकोस.

आणि मास्तर! चार दिवसांत हाताच्या सहा खुणा शिकला. तळहात खाली, बसतो. बोट माझ्याकडे, येतो. मागून बोलवायचं तर मी फळीवर पाय आपटते. तू म्हणतेस, नवव्या वर्षी कुत्रा नवीन शिकत नाही. तुझ्या पुस्तकात तसं असेल, त्याने ते वाचलेलं नाही. वात्रटपणा पूर्ण गेला म्हणशील तर नाही. लोकरीचा गुंडा अजून पळवतो. मला वाटतं, आयुष्यभर शहाण्यासारखं वागून तो कंटाळला होता, आणि आता हुकूमच ऐकू येत नाहीत म्हटल्यावर त्याची चैन चाललीय. मी बघते आणि हसते.

२ तारखेला ये. चहा मिळेल. साखळी गाडीतच ठेव.

धाकटी


६ मार्च

ताई,

तू जाऊन चार दिवस झाले. तुझ्याकडून काहीच नाही, ना मेसेज, ना कागद. तेव्हा मीच लिहिते.

तू आलीस ती साखळी हातात घेऊनच. दारातून मला म्हणालीस, ‘तुझ्या डॉक्टरला काय कळतं? तो नाटक करतोय. माझ्या आवाजाला येईल.’ तुझे ओठ मला नेहमी स्वच्छ वाचता येतात, रागात तर जास्तच. मास्तर दाराकडे पाठ करून उन्हात बसला होता. तू तुझ्या त्या आवाजात हाक मारलीस. तो आवाज मी कधी ऐकला नाही, पण मानेच्या शिरा ओळखते. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा तू पुढे आलीस. चौथ्या हाकेला तुझा हात वर गेला, साखळीसकट.

मी मध्ये पडू शकले असते. दोन पावलांवर होते. पडले नाही, आणि का पडले नाही ते स्पष्ट सांगते. मला बघायचं होतं तू काय करतेस. बेचाळीस वर्षं मला हे बघायचं होतं. साखळी खाली आली असती ना, तर मी तुला त्याच दारातून बाहेर काढलं असतं आणि पुन्हा या जन्मात तुझं तोंड बघितलं नसतं. शपथ.

हात वरच राहिला. मग तू माझ्याकडे बघितलंस. तू साखळी टेबलावर ठेवलीस आणि त्याच्यामागे जमिनीवर बसलीस, गुडघे दुखतात तुझे तरी. त्याला मागे काही हलल्याचं कळलं, तो दचकून वळला. तुला हुंगलं. सात वर्षांनी, ताई, आणि त्याने तुला ओळखलं! तुझ्या मांडीवर चढायला लागला, एवढा मोठा घोडा. पूर्वीच्या मास्तरने असं कधी केलं नसतं.

तू त्याच्या मानेत तोंड खुपसलंस. किती तरी वेळ. तुझी पाठ हलत होती. तू बोलत होतीस, एवढं मला कळलं, कारण तुझा जबडा हलत होता. खूप बोललीस. मग उठलीस, तोंड धुतलंस, चहा पाणचट झालाय म्हणालीस, कुत्रा परत घेतल्याचा अर्ज कोराच पर्समध्ये घातलास, आणि गाडीत वाट बघत बसलेल्या त्या तरुण कुत्रीला घेऊन निघून गेलीस. साखळी इथेच राहिली. ती मी अडगळीत टाकली आहे, परत मिळणार नाही.

अर्जात काय भरायचं ते भर. ‘परत घेतला’ लिहिलंस तर तुझ्या नोंदवहीत एक कुत्रा जास्त दिसेल, एवढंच. मास्तर या क्षणी माझ्या पायावर झोपलाय. तो हलणार नाही, मी हलणार नाही. केंद्राची माणसं पाठवलीस तर वहिनी वरून पाणी ओतणार आहेत, त्यांनीच सांगितलंय.

पण एक राहिलं. तू त्याच्या मानेत जे बोललीस ते मला वाचता आलं नाही. तुझे ओठ केसांत बुडाले होते. आणि त्यालाही ऐकू आलं नाही. तू अख्ख्या घरात नेमक्या दोन बहिऱ्यांसमोर बोललीस, आणि तोंड लपवून. हे चालणार नाही. मी इतकी पत्रं लिहिली, सगळं कबूल केलं, अंडीसुद्धा. आता तू बस आणि लिही. काय म्हणालीस ते लिही. आणि कोणाला म्हणालीस, त्याला की मला, तेही लिही.

तुझी धाकटी